कुंड्यांच्या घरातला चिखल, चिलटं आणि गळके नळ

घरात मातीकाम झाल्यावर बहुतेक जण एकच चूक करतात. सांडलेली माती ओल्या फडक्याने पुसायला घेतात. कोरडी माती झाडूने दोन मिनिटांत गोळा होते. तीच ओली केली की तिचा चिखल होतो, तो फरशीच्या सांध्यांत बसतो, फडक्याला लागतो, फडकं बेसिनमध्ये धुतलं की पाइपात जातो आणि महिन्याभराने बेसिन तुंबतं. बागकामामुळे घरात होणाऱ्या लहानसहान कटकटी पाहिल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त अशाच असतात: माती आणि पाणी नको त्या ठिकाणी एकत्र आलेलं असतं. म्हणून या दोघांना घरात शक्य तितकं वेगळं ठेवायचं, एवढं एक धोरण धरलं तर पुढची बरीच कामं आपोआप सोपी होतात.

माती सांडू नये आणि सांडली तर

कुंडी बदलण्याचं काम जमिनीवर वर्तमानपत्र पसरून करू नका. कागद पाच मिनिटांत भिजतो आणि उचलताना फाटतो. मोठं घमेलं किंवा काठ असलेली प्लॅस्टिकची परात घ्या. काठ किमान ८ ते १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे जुन्या कुंडीतला मातीचा गोळा त्यात आडवा पाडता येतो. ज्या झाडाची कुंडी बदलायची त्याला आदल्या दिवशी पाणी द्या. त्याच दिवशी दिलं तर माती चिकट लगदा होते, आणि चार दिवस दिलंच नाही तर गोळा फुटून मुळं उघडी पडतात. आदल्या दिवशीचं पाणी मुरलेलं असलं की गोळा अखंड निघतो आणि हातालाही फारसा लागत नाही.

मातीच्या मिश्रणाची पिशवी उघडताना तोंड पिशवीवर धरू नका. कात्रीने कोपरा कापा, आत थोडं पाणी शिंपडा, मगच हात घाला. तयार मिश्रणाच्या बारीक धुळीत बुरशीचे कण आणि जिवाणू असू शकतात. दमा असलेल्यांनी किंवा वयस्कर माणसांनी मास्क लावूनच हे काम करावं. नंतर साबणाने हात धुवायचेच.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवायला लोक न्हाणीघरातली बादली घेतात आणि तिथेच गोंधळ होतो. ६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर पाणी पिते आणि फुगून ८ ते ९ लिटर होते. म्हणजे १० लिटरची बादली काठोकाठ भरते आणि ढवळताना अर्धं बाहेर येतं. किमान १५ लिटरचं भांडं घ्या, पाणी एकदम न ओतता लिटर-लिटरने घाला, मध्ये दहा-दहा मिनिटं जाऊ द्या.

एवढं करूनही सांडलंच तर: कोरडं असेल तर लगेच झाडा. ओलं असेल तर हात लावू नका, तासभर वाळू द्या, मग सुपडीत घ्या. शेवटी उरलेला धुळीचा पातळ थर तेवढा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं बादलीत खळबळा, वाहत्या नळाखाली नाही. व्हॅक्युम क्लीनर वापरणार असाल तर माती पूर्ण कोरडी हवी. ओलसर कोकोपीट फिल्टरच्या घड्यांत चिकटून बसतं आणि यंत्र ओढेनासं होतं. गालिच्यावर चिखल पडला तर घासायचा मोह अगदी आवरा. पूर्ण सुकू द्या, ब्रशने सैल करा, मग ओढून घ्या.

बादलीत गाळ बसवण्याची सवय

मातीचे हात, खुरपं, रिकाम्या कुंड्या, थाळ्या हे सगळं धुण्यासाठी एक बादली कायमची बाजूला ठेवा. त्यात ५-६ लिटर पाणी घेऊन सगळं धुवा आणि ती तशीच रात्रभर राहू द्या. वाळू काही सेकंदांत तळाला जाते, बारीक माती काही तासांत. सकाळी वरचं पाणी झारीत घेऊन झाडांना घाला आणि तळातला गाळ एखाद्या मोठ्या कुंडीत ओता. अगदी बारीक चिकणमाती तरंगत राहिली तरी काही बिघडत नाही, कारण पाणी शेवटी कुंडीतच जाणार आहे. मात्र बादलीत साबण किंवा कीटकनाशक गेलं असेल तर ते पाणी झाडांना नको.

ही एक सवय लागली तर पुढचा भाग वाचायची गरजच पडू नये. पण बहुतेकांच्या घरी तो प्रसंग येऊन गेलेला असतो.

बेसिन किंवा बाल्कनीची मोरी तुंबली तर

बेसिनखाली पाइपाचं एक वळण असतं किंवा बाटलीसारखा भाग असतो. त्याला ट्रॅप म्हणतात, बाटलीसारखा असेल तर बॉटल ट्रॅप. तिथे नेहमी थोडं पाणी साचून राहावं अशी त्याची रचना असते, कारण तेच पाणी गटाराचा वास अडवतं. माती पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ती नेमकी इथेच बसते. वर साबणाचा मेण जमतो, केस अडकतात आणि सिमेंटसारखा थर होतो.

अशा वेळी ड्रेन क्लीनरची पावडर टाकण्यात अर्थ नाही. ती चरबी आणि केस विरघळवते. माती खनिज आहे, तिच्यावर त्या रसायनाचा काही परिणाम होत नाही. उलट, साचलेलं पाणी दाहक होऊन बसतं आणि नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर सांडतं. पावडर आधीच टाकली असेल तर रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय पुढे जाऊ नका. एक क्लीनर चालला नाही म्हणून दुसरा कधीही ओतू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ट्रॅप उघडून साफ करणं हाच सरळ उपाय. नळ बंद ठेवा. ट्रॅपखाली बादली ठेवा, कारण अर्धा-एक लिटर घाण पाणी येतंच. बॉटल ट्रॅपचा खालचा पेला हाताने फिरवून सुटतो. खालून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून फिरवा, पाना लावलात तर प्लॅस्टिकला तडा जातो. पेला निघाला की आतली रबरी कडी, म्हणजे वायसर, कुठे आणि कोणत्या बाजूने बसली होती ते नीट पाहा. जमलं तर फोटो काढून ठेवा. पेल्यातला गाळ कुंडीच्या बादलीत किंवा कचऱ्यात टाका, दुसऱ्या बेसिनमध्ये धुऊ नका. हे सांगायला विचित्र वाटतं, पण घाईत नेमकं तेच होतं. जुन्या टूथब्रशने आत घासा, वायसर पुसून जागेवर बसवा, पेला हातानेच आवळा. मग बेसिन अर्धं भरून एकदम सोडा आणि सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला झाला तर बहुतेक वेळा वायसर तिरका बसलेला असतो. जास्त आवळण्याऐवजी उघडून पुन्हा बसवा.

रबरी पंप केस आणि अन्नाचे कण अडकले असतील तर कामाचा. मातीच्या बाबतीत मी तो शेवटी ठेवेन, कारण गाळ सुटण्याऐवजी पुढच्या पाइपात ढकलला जाण्याची शक्यता असते आणि तिथपर्यंत आपला हात पोहोचत नाही.

बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या मोरीच्या ट्रॅपचं, गणित थोडं वेगळं. तिथे माती कमी आणि वाळकी पानं, कुंडीच्या मिश्रणातले परलाइटचे हलके पांढरे दाणे, मुळांचे तुकडे जास्त येतात. लोखंडी किंवा स्टीलच्या जाळीखाली नायलॉनच्या बारीक जाळीचा तुकडा घाला आणि आठवड्यातून एकदा उचलून झटका. पावसाळ्यात हे रोज पाहायला हवं. बाल्कनीचा उतार दाराकडे असेल तर अडलेलं पाणी थेट घरात येतं.

आणि उलट प्रकारही होतो. मोरी अगदी स्वच्छ, तुंबलेली नाही, तरी वास येतो. ज्या मोरीत पाणी जात नाही तिच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात वाळून जातं. वास अडवणारा पाण्याचा थर जेमतेम ५० मिलिमीटरचा असतो. आठवड्याला एक मग पाणी ओतलं की वास बंद.

कुंडीखालची थाळी

पाणी घातलं आणि ते लगेच खालून थाळीत आलं, म्हणजे झाडाला भरपूर मिळालं असं समजू नका. कोकोपीट किंवा पीट असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी झिडकारतं. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. थाळी भरते, फरशीवर ओघळ येतो आणि मुळं कोरडीच राहतात. खात्री करायची असेल तर बोट दोन पेरं खोल घाला किंवा कुंडी उचलून पाहा. पाणी मुरलेली कुंडी हाताला चांगलीच जड लागते.

उपाय असा: कुंडी बादलीत किंवा परातीत ठेवा, कुंडीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. वरची माती गडद आणि ओलसर दिसली की काढा, १५ मिनिटं निथळू द्या, मग जागेवर ठेवा. पुढच्या वेळी माती इतकी वाळू देऊ नका.

थाळीतलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकायचं. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर स्पंजने किंवा जुन्या सिरिंजने ओढून घ्या. इथे डासांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उष्ण हवेत ७ ते १० दिवस लागतात. म्हणून नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या थाळ्यांच्या कडा काथ्याने खसाखसा घासायच्या. झारीत उरलेलं पाणी, उपडी न ठेवलेली रिकामी कुंडी आणि ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी यांचाही त्यात समावेश करा.

मातीच्या थाळीतून पाणी पाझरतं, वरून कोरडी दिसली तरी तळ घामेजलेला असतो. लाकडी फरशीवर त्यामुळे काळं वर्तुळ उमटतं आणि ते पॉलिशखाली गेलेलं असल्याने पुसून जात नाही. मातीच्या थाळीत एक प्लॅस्टिकची थाळी ठेवा आणि थाळीखाली १ ते २ सेंटिमीटर उंचीचे तीन पाय द्या, म्हणजे खाली हवा खेळते. कॉर्कची किंवा कापडाची चटई घालू नका, ती ओल धरून ठेवते.

एक गंमतशीर प्रकार पाहून पुष्कळांची तारांबळ उडते. सकाळी पाना-पानाच्या टोकाला थेंब असतात आणि खालच्या टेबलावर डाग. गळती कुठेच नसते. अळूच्या जातीची झाडं आणि मॉन्स्टेरा रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पानांच्या कडेतून बाहेर टाकतात. त्या थेंबांत थोडे क्षार असतात, म्हणून वाळल्यावर पांढरट ठिपका राहतो. झाड निरोगी आहे. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी द्या आणि लाकडी सामान पानांच्या टोकाखालून हलवा.

कुंडीवर, नळावर, फवाऱ्याच्या तोंडावर बसणारा पांढरा थर बहुतेक कॅल्शियमचा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवा, मग घासा. संगमरवर किंवा चुनखडीच्या जातीच्या दगडावर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, दगडच खाल्ला जातो आणि चकाकी कायमची जाते. लोखंडी स्टँडचा गंज फरशीला लागला असेल तर ब्लीच टाळा, त्याने डाग आणखी पक्का होतो. टाइलवर सायट्रिक आम्लाचं पाणी चालतं.

नळ आणि पाइप

बागेचा पाइप नळाला जोडला की जोडाशी फवारा उडतो आणि लोक टेफलॉन टेपची गुंडाळी काढतात. पाइपाच्या कनेक्टरमध्ये पाणी अडवायचं काम आतला सपाट रबरी वायसर करतो, आटे नव्हे. तो वायसर हरवलेला, कडक झालेला किंवा दुमडलेला असतो. कनेक्टर उघडा, आत नखाने चाचपून पाहा, तेवढा वायसर बदला. टेप लागतो तो नळ भिंतीतल्या पाइपात बसवताना. तिथे आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाच-सहा वेढे द्यायचे, पहिला आटा मोकळा सोडायचा. उलट गुंडाळला तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येतो.

पाइपाच्या तोंडाची फवाऱ्याची पिस्तूल बंद करून नळ चालू ठेवणं ही फार वाईट सवय आहे. उन्हात तापलेल्या पाइपात दाब तसाच राहतो आणि तो फुगून कनेक्टरमधून सुटतो किंवा फाटतो. काम झालं की आधी नळ बंद, मग पिस्तूल दाबून दाब सोडायचा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कधी कधी हात भाजण्याइतकं गरम असतं. ते बादलीत जाऊ द्या आणि मगच झाडांकडे वळा.

पाइप फाटला तर फाटलेला भाग दोन्ही बाजूंनी सरळ काटकोनात कापून टाका. टोकं मिनिटभर गरम पाण्यात धरली की मऊ होतात. मग मापाचा जोडतुकडा आत सरकवा आणि दोन्ही बाजूंना क्लिप आवळा. चिकटपट्टी गुंडाळून दाबाच्या पाण्यापुढे काही टिकत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. खताच्या किंवा औषधाच्या बादलीत पाइपाचं तोंड बुडवून ठेवू नका. वरचा पुरवठा अचानक थांबला की पाइप पाणी मागे ओढतो आणि ते द्रावण घराच्या पाण्याच्या पाइपात जाऊ शकतं. तोंड नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर धरा.

नळ ठिबकतोय, पण किती? खाली मापाचा पेला ठेवून १० मिनिटं मोजा आणि १४४ ने गुणा. ५० मिलिलिटर जमलं तर दिवसाला ७.२ लिटर पाणी चाललंय. जुन्या, अनेक वेढे फिरणाऱ्या नळात वायसर बदलला की बहुधा काम होतं: मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा, बेसिनच्या भोकावर फडकं टाका म्हणजे स्क्रू आत पडणार नाही, मग स्पिंडल काढून वायसर बदला. पाव वेढ्यात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतो, त्याचं अख्खं कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी अडवणारा भाग, बदलावं लागतं. नळ जोराने आवळून ठिबकणं थांबवायला गेलात तर वायसर आणखी लवकर कापला जातो.

चिलटं: आधी ओळखा, मग उपाय

घरात चिलटं झाली की दोष झाडांना दिला जातो, पण तीन वेगवेगळे कीटक लोक एकाच नावाने ओळखतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मातीतलं चिलट काळपट, बारीक, लांब पायांचं असतं. त्याला उडणं फारसं जमत नाही, मातीवर आणि कुंडीच्या कडेवर तुरुतुरु पळतं आणि खिडकीच्या काचेवर जमतं. फळांवरची माशी जाडसर, तपकिरी, बहुतेक वेळा लाल डोळ्यांची असते आणि पिकलेल्या फळांभोवती किंवा कचऱ्याच्या डब्याभोवती घोटाळते. मोरीतली माशी छोट्या पतंगासारखी, केसाळ पंखांची. न्हाणीघराच्या भिंतीवर शांत बसलेली दिसते.

मातीतली चिलटं वरच्या २ ते ३ सेंटिमीटर ओल्या मातीत अंडी घालतात आणि अळ्या बुरशी, कुजका भाग, कधी कोवळी मुळंही खातात. आहेत का हे पाहायला बटाट्याची सेंटिमीटरभर जाड चकती मातीवर ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटी करा. पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर निदान पक्कं. वरची माती बोटाचं एक पेर वाळेपर्यंत पाणी बंद करा आणि शक्य असेल तर काही दिवस खालून पाणी द्या. मातीच्या जवळ पिवळे चिकट कागद लावा. त्यांनी फक्त उडणारी पकडली जातात, अळ्या नाहीत, म्हणून नुसत्या कागदावर विसंबू नका. अळ्यांसाठी बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध पाण्यातून देतात. वेष्टनावरचं प्रमाण पाळा आणि दर आठवड्याला एकदा असं सलग चार वेळा द्या. या किड्याचं चक्र तीन ते चार आठवड्यांचं असतं. दहा दिवसांत दिसेनाशी झाली म्हणून उपाय थांबवला की मातीत राहिलेली पिढी पुन्हा वर येते, आणि उपायच खोटा असं वाटू लागतं.

फळांवरच्या माशीला वाटीत दोन चमचे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब पुरतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि माशी तरंगू शकत नाही. मातीतल्या चिलटांना या वाटीचं फारसं आकर्षण नसतं.

मोरीतल्या माशीसाठी मोरीच्या जाळीच्या अर्ध्या भागावर पारदर्शक चिकटपट्टी उलटी लावून रात्रभर ठेवा. सकाळी माश्या चिकटल्या असतील तर घर तिथेच आहे. पाइपाच्या आतल्या भिंतीवरचा बुळबुळीत थर लांब ब्रशने खरवडून काढा. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचे पाइप मऊ पडतात आणि थर तसाच राहतो.

फरशी चिकट का लागते

झाडाखालची फरशी किंवा खिडकीची कड पुसूनही पुन्हा चिकट होत असेल, मुंग्यांची रांग कुंडीकडे जात असेल, तर वर पाहा. पानांच्या मागे आणि देठाच्या बेचक्यात मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो. हे कीटक रस शोषून गोड, चिकट स्राव टाकतात. मुंग्या त्यासाठी येतात, त्यांच्यावर औषध मारून काहीच सुटत नाही. झाड बाकीच्यांपासून दूर करा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून प्रत्येक कीड टिपा, दर पाच-सात दिवसांनी तीन वेळा. झाडं जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात आधी १-२ मिलिलिटर द्रव साबण आणि मग ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल ढवळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून पाहा. भिंतीपासून झाड लांब ओढून घ्या, तेलाचे शिंतोडे रंगावर पिवळे पडतात. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. मोजायचा चमचा स्वयंपाकघरात परत जाता कामा नये आणि औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, चिठ्ठी लावूनसुद्धा नाही.

मैत्रिणीकडून किंवा मित्राकडून आलेली फांदी, रोप, कुंडी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. यात कुणाचा अपमान नाही. देणाऱ्यालाही पिठ्या ढेकूण दिसलेला नसतो.

ओल्या कचऱ्याचा डबा

खताच्या डब्याच्या तक्रारी तीन, आणि प्रत्येकीचं कारण नाकाने कळतं. डोळ्यांत चुरचुरणारा, अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झाला. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा पोहोचत नाही. अजिबात वास नाही, खतही होत नाही आणि मुंग्या झाल्या तर डबा कोरडा आहे. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच: वाळका पालापाचोळा, पुठ्ठ्याचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा घाला आणि तळापर्यंत उलटंपालटं करा. एक वाटी ओल्याला एक ते दोन वाट्या सुकं हे प्रमाण धरा. साली २-३ सेंटिमीटरचे तुकडे करून टाका आणि प्रत्येक वेळी वर दोन बोटं जाडीचा सुका थर द्या. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, हातात भुगा झाला तर कमी.

जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि चावत नाहीत. नको असतील तर सुका थर वाढवा, त्या आपणहून कमी होतात.

कपड्यांवरचे डाग

चिखल: पूर्ण सुकू द्या, बाहेर झटका, ब्रश करा, गार पाण्यात भिजवा, मग साबण. हिरवा डाग पानांतल्या हरितद्रव्याचा. त्यावर अल्कोहोल टिपून पाहा, मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर, आणि डाग जाईपर्यंत गरम पाणी व इस्त्री दूर ठेवा. लिलीचे पराग पडले तर पाणी लावू नका, हाताने झटकूही नका. चिकटपट्टीने टिपून उचला आणि उरलेली छटा उन्हात ठेवा. केळीच्या चिकाचा डाग मात्र हवा लागून तपकिरी होतो आणि सहसा जातच नाही. केळीचं पान कापताना जुनाच कपडा घाला.

चिकाचा विषय निघालाच आहे तर, निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा. डाग वगैरे नंतर.

मातीचे कपडे यंत्रात टाकण्याआधी खिसे उलटे करा. यंत्रातून पाणी नीट जात नसेल तर पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या खालच्या कोपऱ्यात पंपाचा फिल्टर असतो. परात लावून हळूहळू उघडा. आत माती, बिया आणि खिळ्यासारखी टॅगची तार हमखास सापडते.

कात्रीला चिकटलेला चीक त्याच दिवशी अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, कोरडी करा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. धार फक्त उतरत्या बाजूला लावायची, सपाट बाजू घासली तर दोन पाती एकमेकींवर बसत नाहीत.

चार दिवस बाहेर जायचं असेल तेव्हा

वातीची पद्धत विश्वासाची आहे, पण निघायच्या दिवशी लावू नका. ८ ते १० मिलिमीटर जाड सुती किंवा नायलॉनची दोरी आधी पूर्ण भिजवा. कोरडी दोरी पाणी ओढायला फार वेळ लावते. एक टोक बादलीच्या तळापर्यंत, दुसरं कुंडीत ५ ते ७ सेंटिमीटर खोल गाडलेलं. २० सेंटिमीटरच्या कुंडीला एक वात, मोठीला दोन. बादली कुंडीच्या पातळीला ठेवा. ती बरीच उंच ठेवली तर वात नळीसारखी वाहू लागते आणि रात्रीत बादली फरशीवर रिकामी होते. पाण्याच्या पातळीवर खूण करून दोन दिवस आधी चाचणी घ्या. दिवसाला ४०० मिलिलिटर उतरत असेल आणि १० दिवस जायचं असेल तर ४ लिटर लागेल. लिटरभर जास्त धरा. कुंड्या उन्हातून सावलीत एकत्र आणल्या की पाणी आणखी कमी लागतं. बादलीवर झाकण किंवा जाळी हवीच, डासांसाठी.

शेजारी किंवा बागकामातली मैत्रीण पाणी घालणार असेल तर "थोडं थोडं घाल" असं सांगू नका. तिच्या आणि तुमच्या थोड्यात दुपटीचा फरक असतो. एकाच मापाचा मग ठेवा आणि प्रत्येक कुंडीवर चिकटपट्टीने लिहा: "दोन दिवसांनी १ मग", "आठवड्याने अर्धा", "पाणी नको". पाणी न घालायच्या कुंड्या वेगळ्या खोलीत ठेवल्या तर अधिक बरं, कारण प्रेमाने जास्त पाणी घालणाऱ्याचा हात चिठ्ठी वाचूनही थांबत नाही. मुख्य कॉक कुठे आहे तो प्रत्यक्ष फिरवून दाखवा. बागेच्या पाइपाचा नळ मात्र स्वतःच बंद करून, पाइप काढून, तोंड बादलीत सोडून निघा.

परत आल्यावर आधी सगळ्या मोऱ्यांत मगभर पाणी ओता, मग थाळ्या घासा, आणि त्यानंतर झाडांना पाणी द्या.